सोमवारचं पाणी

पुणे, बुधवार, ११ ऑक्टोबर १९७२

दादा,

पाया पडतो. खुशाली विचारत नाही. वर्षभरात तीन पत्रांतून विचारली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, आता चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटते. तेव्हा हे पत्र धाकट्या भावाचं समजू नकोस. ऑफिसचं समज, आणि सरकारी कागदाला देतोस तेवढा तरी मान याला दे.

काम असं आहे. गावातल्या विहिरींची पातळी मोजायला आम्ही ठेवलेला आसाराम बायकोपोरांसह ऊसतोडीला संगमनेरकडे निघून गेला. दर सोमवारी दुपारी विहिरीत टेप सोडायचा, आकडा कार्डावर लिहायचा, कार्ड टपालात टाकायचं. एवढ्या कामावर पोट भरत नाही, असं तो म्हणाला, आणि मला ते खोडता आलं नाही. टेप आणि छापील कार्डं त्याने रतनवहिनीकडे दिली आहेत. पुढचे सोमवार तू मोज. गावातल्या बाकीच्या विहिरी कोरड्या पडून यादीतून गेल्या, उरली ती आपलीच, बाबांनी खणलेली. आमच्या यादीत ती सतरा नंबर.

नाक मुरडू नकोस, या आकड्यांचं पुढे काय होतं ते ऐक. नऊ गावं, एक्केचाळीस विहिरी आणि तीन वर्षांचे सगळे सोमवार. शिवाय पाऊस किती पडला, वरच्या पट्ट्यात पाणी उपसायची इंजिनं किती, ऊस किती, जनावरं किती. एकेक आकडा म्हणजे जाड कार्डाला पाडलेली भोकं. अशी पेटीभर कार्डं मुंबईला जातात. तिथे आपल्या गोठ्याएवढं यंत्र आहे, ते या सगळ्याचा एकमेकांशी संबंध जुळवतं. वर एक इंजिन वाढलं तर खाली पाणी किती बोटं उतरेल, तिकडे उसाला पाण्याची एक पाळी दिली तर इकडे किती जनावरांचं पिण्याचं पाणी जाईल, हे ते सांगतं. तू म्हणशील, वर उपसलं की खाली उतरतं हे मला यंत्राशिवाय कळतं. कळतं, पण किती उतरतं हे तुला सांगता येत नाही. आम्हाला येतं.

सोमवार मी निवडला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली होती, हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्या सगळ्या पट्ट्यात सोमवारी मोडा. औत जुंपायचं नाही, मोट हाकायची नाही. इंजिनं आली तेव्हा त्यांना मोडा लागू की नाही यावर महिनाभर वाद चालला आणि शेवटी तूच म्हणालास, "इंजिन बी थकतंच की." तेव्हापासून रविवारी दिवस मावळला की मंगळवारी उजाडेपर्यंत सगळा पट्टा गप्प. माणसं घरी, विहिरीवर कुणाची गडबड नाही, टेप सोडू दिला नाही म्हणून भांडण नाही. शहरातून आलेल्या एकालाही हे सुचलं नसतं. शेतकऱ्याच्या घरातला होतो म्हणून मला सुचलं.

गेल्या दिवाळीतलं अजून मनात धरून बसला असशील तर खुशाल बस. पण सोमवारचं कार्ड पाठव.

तुझा,
गहिनीनाथ


पुणे, मंगळवार, २८ नोव्हेंबर १९७२

दादा,

सात सोमवार गेले आणि सतरा नंबरचं एकही कार्ड नाही. टेप तुझ्याकडे आहे, कार्डांवर तिकिटं लावलेली आहेत, पत्ता छापलेला आहे. तोंडात गुळणी धरून बसायचं तर बस, पण पेन्सिल धरायला काय होतं? एक्केचाळीसपैकी चाळीस आकडे वेळेवर येतात आणि माझ्या सख्ख्या भावाचा येत नाही. ऑफिसात यावरून माझी किती थट्टा होते, तुला कल्पना नाही. शेवटी तुझ्या विहिरीपुढचे रिकामे रकाने आम्ही मागच्या तीन वर्षांच्या सोमवारांवरून अंदाजाने भरले.

पण बातमी चांगली आहे म्हणून लिहितो. यंत्राचं उत्तर आलं. विहिरींच्या चांगली, मध्यम, वाईट अशा तीन प्रती लावल्या, त्यात सतरा नंबर पहिल्या प्रतीत आली. सोमवार ते सोमवार पाणी जेमतेम चार बोटं उतरतं, म्हणजे उन्हाळा निघेल आणि शिवाय बाराशे जनावरांना पाजता येईल. तालुक्याच्या कचेरीने आमचा कागद उचलून धरला. जनावरांची छावणी आपल्या गावात बसणार. वरच्या पट्ट्यातली वीस इंजिनं छावणीसाठी हिरवा चारा पिकवतील, खाली आपल्या विहिरीवर जनावरं पाणी पितील. गावाला टँकरची गरज नाही, असा शेराही मारला आहे. टँकर दुसऱ्या गावांना हवेच आहेत, इथला एक तरी वाचला.

तुला आनंद होईल असं वाटत नाही. मला मात्र झाला. एवढ्या माणसांचं आणि जनावरांचं या उन्हाळ्यात काय होणार हे कुणीतरी आधी बसून मांडलं, आणि मांडणाऱ्यांत बाबांचा एक मुलगा होता.

गहिनीनाथ


पुणे, शुक्रवार, १९ जानेवारी १९७३

दादा,

गोरक्ष सरपंचाचा अर्ज फिरत फिरत आमच्या साहेबांच्या टेबलावर आला. 'विहिरीला पाणी पुरत नाही, छावणी हलवावी अगर टँकर द्यावा.' खाली एकशे अठरा अंगठे आणि सह्या. साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "हे तुमचंच गाव ना?" मान खाली घालून हो म्हणालो.

अर्जात एक आकडा असता तर मी भांडलो असतो. 'पाणी पुरत नाही' म्हणजे काय? केव्हा पुरत नाही, किती कमी पडतं? बाहेरची जनावरं नकोत म्हणून हा अर्ज केला असा इथे सगळ्यांचा समज झाला आहे, आणि खरं सांगू, माझाही झाला. बाकीच्या आठ गावांचे सोमवार आमच्या गणिताशी बरोबर जुळतात. एका आपल्याच गावात माशी कशी शिंकते?

पुष्पा संक्रांतीला माहेरी गेली होती, येताना दोन दिवस गावी राहून आली. तिचं ऐकून तर डोक्याला आणखी ताप झाला. म्हणे सोमवारी आपण पोचलो तेव्हा विहिरीत चांगलं पाणी होतं आणि बुधवारी संध्याकाळी निघताना तळातला दगड दिसत होता. मी म्हणालो, उन्हाच्या तिरपीने तसं वाटतं. तिला विहिरीतलं काय कळणार? ती चहाचा कप उचलून आत गेली.

तिनेच सांगितलं की तू आपली बैलजोडी वहिनीच्या माहेरी धाडलीस, बाहेरून आलेल्या जनावरांची पाळी आधी लागावी म्हणून. आणि दिवसातून दोनदा सोल घेऊन विहिरीवर जातोस, काहीतरी लिहितोस आणि कुणाशी बोलत नाहीस. दोनदा कशाला? आम्ही टेप दिलाय, मोजायला हा दोर कशाला? सोमवारचा दिवस सांगितला होता, तो सोडून बाकी सगळं तू करणार. बाबा म्हणायचे तसाच आहेस, सांगितल्या वाटेने कधी जायचं नाही.

अर्जावर तुझीही सही आहे. पहिलीच आहे. तेवढी तरी मला आधी कळवायची होतीस.

गहिनीनाथ


पुणे, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७३

दादा,

तुझी वही काल पोचली. एसटीतला बन्सी कंडक्टर ऑफिसात घेऊन आला. चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसती शाळेची शंभरपानी वही, वरून सुतळी बांधलेली. त्याच्याबरोबर वहिनीचा निरोप होता. तो त्याने सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा सांगितला: "भाऊजींना म्हनावं, पंधरा आक्टोबरपासून एक दिस चुकलेला न्हाई. तुमी सोमवार मागितला हुता, ह्यांनी आठवडा दिलाय. आता वाचा म्हनावं."

मी वाचली. आधी कशी वाचली तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मी फक्त सोमवार शोधले. दुसरा कागद घेतला, तुझे हात मीटरमध्ये केले आणि सगळे सोमवार यंत्राच्या अंदाजाशेजारी मांडले. जवळजवळ बोटाबोटाने जुळले. अंदाजाने भरलेले आकडे आणि तुझ्या सोलाचे आकडे एक. मी उठून उभा राहिलो, साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दादा अखेर आपल्या बाजूने साक्षीला आला, असं माझ्या मनात आलं.

दारात उभा राहून उगाच मधली पानं चाळली. काठापासून पाण्यापर्यंत, शनिवार संध्याकाळ, चौतीस हात. रविवार संध्याकाळ, साडेचौतीस. सोमवार दुपार, साडेतीस. मंगळवार संध्याकाळ, तेहतीस. बुधवार, चौतीस. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. विहीर पस्तीस हात आहे, हे मला कुणी सांगायला नको, ती खणताना मी काठावर बसून माती मोजलेली आहे. म्हणजे रविवारी संध्याकाळी तिच्यात गुडघाभरही पाणी नसतं. सोमवारी वरची वीस इंजिनं मोड्याला बंद राहतात, रात्र आणि अर्धा दिवस पाझर लागतो, चार हात पाणी चढतं. नेमकं तेव्हा आसाराम टेप घेऊन यायचा. मंगळवारी इंजिनं पुन्हा सुरू झाली की ते चाललं.

तीन वर्षं आम्ही एक्केचाळीस विहिरी त्या विश्रांती घेत असताना मोजल्या. यंत्राला सहा दिवस कुणी दाखवलेच नाहीत, त्याने तरी काय करावं? वरच्या चाऱ्याला आणि खालच्या जनावरांना एकच पाणी लागतं. आम्ही ते दोनदा धरलं. आणि सोमवार कुणी निवडला होता? शेतकऱ्याच्या घरातल्याने. शहरातल्या एखाद्याने आपला कुठला तरी आडवार धरला असता, भांडून मोजलं असतं आणि बरोबर मोजलं असतं.

साहेबांच्या खोलीत गेलो नाही. जागेवर येऊन बसलो.

एकाहत्तरच्या दिवाळीतलं आता लिहितो. तू म्हणाला होतास, विहिरीचं काहीतरी बिघडलंय, वर इंजिनं वाढली तसा संध्याकाळी तळ दिसतो. देवळाच्या ओट्यावर पंधरावीस माणसं होती, मोड्याचाच दिवस. मी हसलो. "दादा, एका विहिरीवरून काही ठरत नाही. हे एक्केचाळीस विहिरींचं गणित आहे." माणसंही हसली. तू उठलास आणि जाताना म्हणालास, "ह्या इहिरीत मी उतरलोय. तुझं गणित उतरलंय का?" मला वाटलं, मोठ्या भावाचा ताठा. तेव्हापासून मी तेच धरून बसलो होतो आणि पत्रांत तुलाच दोष देत होतो.

उद्या साहेबांकडे जातो.

गहिनीनाथ


पुणे, शुक्रवार, २ मार्च १९७३

दादा,

पंधरा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून चडफडत बसलो होतो.

साहेबांनी वही पाहिली. पहिल्यांदा सोलावर हसले, मग हातावर, की कुणाचा हात. मी म्हणालो, माझ्या भावाचा, सगळीकडे तोच वापरलाय, त्यामुळे फरक खरा आहे. मोडा म्हणजे काय हे अर्धा तास समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. शेवटी वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गहिनीनाथ, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? एका विहिरीवरून काही ठरत नाही."

शब्दसुद्धा तेच. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

यंत्राची पाळी आता जूनमध्ये मिळेल, असं त्यांचं म्हणणं. नवे आकडे, नवी कार्डं, पुन्हा मुंबई. जूनमध्ये पाऊस येईल, तेव्हा काय विहिरीची पूजा घालायची? छावणीत आज चौदाशे जनावरं आहेत. बन्सी सांगत होता, हौदापाशी माणसांत आणि जनावरांच्या मालकांत रोज हातघाई होते, आणि वहिनी हंडाभर पाण्यासाठी पहाटे रांगेत बसते. स्वतःच्या विहिरीवर. हे सगळं माझ्या सहीच्या कागदाने झालं आणि तो कागद मागे घ्यायला मला यंत्राची परवानगी लागते. या ऑफिसपुढे मी हात टेकले.

म्हणून रजा टाकली. मंजूर झाली नाही, तरी टाकली. एक विहीर पुरत नसेल तर बाकीच्या चाळीस मोजतो, सोमवार सोडून, संध्याकाळी, इंजिनं चालू असताना. मागच्या बाजूला टेप बांधून सायकल एसटीच्या टपावर चढवतोय. घरी येत नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

गहिनीनाथ


कर्जत, गुरुवार, २२ मार्च १९७३

दादा,

हे पत्र बन्सीच्या हाती देतोय, म्हणजे उद्यापर्यंत तुला मिळेल.

अठरा दिवसांत आठ गावं केली. चाळीसपैकी अडतीस विहिरींचं तुझ्या वहीसारखंच निघालं, सोमवारच्या कार्डावर चढलेल्या आणि कामाच्या संध्याकाळी रित्या. दोन ठिकाणी लोकांनी टेप सोडू दिला नाही. एका बाईने, केशरबाई नाव, मला चांगलं झापलं. "तीन वर्सं मोड्याला येत हुता, पावन्यासारखं. आज कामाच्या दिसाला बरी आठवन झाली." मी म्हटलं, आकडा घेऊ द्या, मग हवं तेवढं बोला. आकडा घेतला आणि ती बोलली.

काल मामलेदारांपुढे कागद ठेवले. त्यांनी तासभर वाचले. शनिवारपासून गावाला टँकर, रोज दोन फेऱ्या. निम्मी छावणी आठ दिवसांत भीमेच्या काठी हलवणार. बाकीच्या गावांचा निर्णय वर जाणार, तो केव्हा होतो कोण जाणे. इंजिनांचं विचारलं तर म्हणाले, "चालती इंजिनं बंद करा म्हणायचा अधिकार मला नाही. तसा हुकूम वरून यावा लागेल." मग टँकरचं पाणी येणार आणि विहिरीचं वर जाणार, हे काय झालं? मी आवाज चढवला, त्यांनी शिपायाला हाक मारली. मी निघालो.

तडक सायकल काढून वरच्या पट्ट्यात गेलो, निदान चार इंजिनवाल्यांच्या पाया पडावं म्हणून. काल बुधवार, कामाचा दिवस. पट्ट्यात शिरलो तर अर्ध्या बाजूला सामसूम. कानिफनाथाच्या मळ्यात गेलो, तो बांधावर बसला होता, इंजिनावर पोतं झाकलेलं. विचारलं, बिघडलंय का? म्हणाला, "न्हाई, मोडा हाय." बुधवारी कसला मोडा? तर म्हणाला, "तुमचा दादा आल्ता की मागच्या आठवड्यात. बैलजोडी न्हाई, चालत आल्ता. एक वही हुती, दुसरी. पानं उलटून दाखवली. म्हनला, सोमवारी तुमी थांबता तवा आमच्यात चार हात चढतं. आनखी दोन दिस थांबा, मानसं आन् जनावरं जगतील. आमी बाराजनांनी बुधवार-शुक्रवार धरला. आठजन न्हाई म्हनले, त्यांचा चारा वाळतोय. तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

नव्हतं. यंत्राला विचारायला पेटीभर कार्डं लागली, हुकुमासाठी वरचा माणूस लागतो, आणि तू एक वही घेऊन सहा मैल चालत गेलास आणि बारा इंजिनं थांबवलीस. बोलत नाहीस, असं सगळे म्हणत होते. जिथे बोलायचं तिथे बोललास, फक्त माझ्याशी नाही. मला याचा राग यायला हवा होता. कानिफनाथाच्या बांधावर बसून मी रडलो, आणि तो बिचारा मला चुलीवरचा चहा पाजत राहिला.

माझं म्हणशील तर ऑफिसातून नोटीस आली आहे, न विचारता गैरहजर आणि न विचारता आकडे दिले म्हणून. बहुतेक मला भोकं पाडायच्या टेबलावर बसवतील. बसवू देत. गणित मोडीत काढू नये एवढंच मी त्यांना लिहिणार आहे. विहिरी खरंच एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे यंत्राने बरोबर ओळखलं होतं. मीच त्याला आठवड्यातला एक दिवस दिला आणि सहा दडवले.

एक्केचाळीस विहिरींतली एक राहिली आहे, सतरा नंबर. तिचा आकडा तुझ्या वहीत आहे, मला मोजायची गरज नाही. तरी येतोय. मंगळवारी यावं की शनिवारी, असा विचार करत होतो, आणि मग कळलं की दुसरा कुठला दिवस चालणारच नाही. सोमवारी येतो. सगळे घरी असतात, देवळाच्या ओट्यावर बसतात. त्या दिवाळीला होते ते सगळे असतील असं बघ, गोरक्ष सरपंचाला मुद्दाम बोलाव. त्यांच्यासमोर हसलो होतो, त्यांच्यासमोरच जे बोललो ते मागे घेणार आहे. तू काही बोलला नाहीस तरी चालेल, नुसता उठून जाऊ नकोस.

संध्याकाळी दोघं विहिरीवर जाऊ. सोल तू सोड, मी लिहीन.

गहिनी